बाबांसाठी सपाट जागा

८ नोव्हेंबर, शनिवार
आजपासून पुन्हा रोजनिशी. नियम एकच, आईने घालून दिलेला: खोटं लिहायचं नाही. दुसरीपर्यंत मी घरीच शिकले, कारण इथल्या शाळेत जागा मिळाली नव्हती. आईने बाराखडीच्या आधी हा नियम शिकवला. कोणी वाचणार नसलं तरी तो लागू आहे.

तर खरं ते असं. बाबा रिटायर होऊन महिना झाला. जबल अली बंदरातल्या एका वेअरहाऊसमध्ये बत्तीस वर्षं सेफ्टीचं काम केलं. डिस्कव्हरी गार्डन्सच्या या घरात आता आम्ही दोघंच. आई चार वर्षांपूर्वी मोठ्या काकांच्या आजारपणासाठी देवरुखला गेली. काका गेले, आई तिथेच राहिली. निनाद, माझा धाकटा भाऊ, अबू धाबीला नोकरीला आहे. बाबांचा कंपनीचा व्हिसा संपत आलाय. मी त्यांना स्पॉन्सर करू शकते, ऑफिसातून विचारून घेतलंय. म्हणजे बाबा इथेच राहणार. त्यांनी फक्त हो म्हणायचं बाकी आहे. आणि मी विचारायचं.

असलं काही डायनिंग टेबलवर विचारू नये. जागा नीट हवी. म्हणून ठरवलं: यूएईच्या नॅशनल डेच्या सुट्टीत, डिसेंबरच्या सुरुवातीला, सगळ्यांनी कॅरॅव्हॅन पार्कमध्ये राहायचं. चाकांवरचं घर, बाहेर खुर्च्या, संध्याकाळी शेगडी. तिथे विचारेन. आईलाही व्हिजिट व्हिसावर बोलावेन, मग तीही राहील.

मूळ कल्पना बाबांचीच. मी शाळेत असताना फुजैराच्या रस्त्यावर एक कॅरॅव्हॅन पुढे होती. बाबा म्हणाले होते, 'बरं आहे, घर घेऊनच फिरतात.' तेव्हापासून ते त्यांचं स्वप्न आहे.

(खरं तर आधी ते म्हणाले, 'रस्ता अडवतात.' घराचं त्यानंतर.)

१२ नोव्हेंबर
चार दिवस पार्क बघतेय. ऑफिसच्या लंच अवरमध्ये. एकदा मीटिंगमध्येही, पण कॅमेरा बंद होता.

एवढे पार्क असतील असं वाटलं नव्हतं. डोंगरातले, वाळवंटातले, समुद्राकाठचे. समुद्राकाठचे सगळे सरळ बाद. बाबांनी बत्तीस वर्षं बंदर पाहिलंय, सुट्टीतही तेच कशाला? वाळवंटातले बाद होण्याच्या मार्गावर, कारण धूळ आणि बाबांचा खोकला. उरले डोंगर. जमीन सपाट हवी, कारण बाबांना ॲसिडिटी आहे आणि डोक्याकडची बाजू खाली गेली तर पित्त वर येतं. टॉयलेट जवळ हवं, पण फार जवळ नको. शेजारी पार्टीवाले नकोत. गुडघ्यांसाठी कॅरॅव्हॅनची पायरी कमी उंच हवी. पायरीची उंची कोणीच वेबसाइटवर टाकत नाही. मी तीन पार्कना मेल केली. एकाचं उत्तर आलं: 'यू आर वेलकम.'

बाबांना विचारलं, कोणता आवडतो. म्हणाले, तू बघशील तो. निनादला व्हॉइस मेसेज केला. त्याचं उत्तर: 'ताई, जस्ट बुक अ हॉटेल.' त्याला कुटुंब म्हणजे काय ते कळायचं आहे अजून.

१६ नोव्हेंबर
बाबांनी मोठा कुकर, मिक्सर आणि पुरणयंत्र समोरच्या रुखसार आंटींना देऊन टाकलं. मला उलट बरं वाटलं. कॅरॅव्हॅनमध्ये जागा कमी असते. बाबा आतापासून कमी सामानाची सवय करून घेताहेत. मनाने ते निघालेत.

आंटी दारातच म्हणाल्या, भाईसाब, अब ईद पे सेवई किस को भेजूंगी. मी म्हटलं, आंटी, फक्त तीन-चार दिवसांचा प्रश्न आहे. त्यांनी बाबांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग पदराने डोळे पुसले. त्या कांदा चिरत असाव्यात.

हातात कांदा दिसला नाही. सुरीही नाही.

१९ नोव्हेंबर
आईला फोन केला. व्हिजिटचं काढलं. ती म्हणाली, आत्ता नको गं, इथे मुलांच्या परीक्षा आहेत. गावातली दहा-बारा मुलं तिच्याकडे शिकायला येतात. मग तिने विचारलं, 'हे काही बोलले का तुझ्याशी?' मी म्हटलं, हो तर, तू बघशील तो पार्क म्हणाले. आईने तेच पुन्हा एकदा विचारलं. लाइन खराब असते त्या भागात. मग तिने विचारलं, तिथे संडास कसे असतात.

आईने माजघराला रंग काढलाय आणि नवी गादी भरून घेतली आहे. दिवाळी होऊन महिना झाला, पण तिचं सगळं उशिरानेच असतं.

आई नाही आली तरी हरकत नाही. बाबांनी हो म्हटलं की मागून येईलच ती.

२२ नोव्हेंबर, शनिवार
बाबांना घेऊन हत्ताच्या बाजूचा डोंगरातला पार्क प्रत्यक्ष बघून आले. कोणतीही गोष्ट न बघता ठरवायची नाही, हे मला बाबांनीच शिकवलंय.

बाबांनी आधी फायर एक्स्टिंग्विशरवरची तारीख पाहिली, मग गॅस सिलिंडर सावलीत आहेत का ते. मी प्लग पॉइंट आणि नळ बघत होते. बाबा तेवढ्यात वॉचमनशी बोलत बसले. शाहबाज त्याचं नाव, पेशावरकडचा. दोघे एका दगडावर, हातात चहाचे कागदी कप, जसे शाळेपासूनचे मित्र. वाऱ्यामुळे मला तुकडे ऐकू येत होते. शाहबाज म्हणाला, बत्तीस साल, माशाल्ला, फिर? बाबा काहीतरी म्हणाले. शाहबाजने दोन्ही हातांत त्यांचा हात घेतला आणि म्हणाला, 'आप खुशनसीब हो. मेरा तो अभी बेटी का निकाह बाकी है.'

पार्कचं इतकं कौतुक स्वतः वॉचमनने करावं, हे मला चांगलं लक्षण वाटलं. पण जमिनीला उतार होता. मी पाण्याची बाटली आडवी ठेवून पाहिली. घरंगळली. बाबा म्हणाले, चालेल की. मी म्हटलं, तुमच्या पित्ताचं काय?

परतताना गाडीत बाबा म्हणाले, आभा, एक सांगायचं होतं. मी म्हटलं, उताराचंच ना, तुम्ही काळजी करू नका, मी दुसरा शोधते. ते म्हणाले, बरं. मग रेडिओ लावला.

२५ नोव्हेंबर
हत्तावाल्यांकडे विटा आहेत, चाकाखाली लावता येतात, असं कळलं. लगेच बुक करायला गेले. फुल. दुसरा डोंगरातला: फुल. वाळवंटातला, धुळीसकट: फुल. सगळ्या यूएईला एकाच वेळी कॅरॅव्हॅनमध्ये राहायचंय. मीच उशीर केला का? नाही. चौकशी म्हणजे उशीर नव्हे.

घरी आले तर कार्गोवाला बसला होता. दोन मोठे खोके, दोरीने बांधलेले, वर मार्करने बाबांचं अक्षर: विजयकुमार, देवरुख, जि. रत्नागिरी. मी विचारलं तर म्हणाले, गरम कपडे आणि पुस्तकं, इथे पडून आहेत. बरोबरच आहे. इथे गरम कपडे कोण घालतं?

देवरुखलाही कोणी घालत नाही.

बाबांचं कपाट उघडलं, दोन शर्ट आणि नमाजाची चटई. ती त्यांना कंपनीतल्या सुदानी सुपरवायझरने भेट दिली होती. बाबा त्यावर बसून योगासनं करतात. एवढ्याशा सामानात माणूस किती सुटसुटीत राहू शकतो! कॅरॅव्हॅनसाठी जन्मलेला माणूस.

२७ नोव्हेंबर
मिळाला. उम्म अल क्वैनच्या बाजूला, कोणीतरी कॅन्सल केल्यामुळे. तिथेच उभी असलेली कॅरॅव्हॅन भाड्याने, चार बेड. तीस तारखेपासून दोन रात्री. आकडा ऐकून बाबा सवयीने पुटपुटले, म्हणजे रुपयात किती, आणि मग हात झटकून म्हणाले, खलास, आता काय हिशोब.

हा समुद्राकाठचा आहे. टॉयलेटच्या अगदी शेजारी. डोक्यावर लाइटचा खांब. पण जमीन सपाट, मी फोनवर तीनदा विचारून घेतलं. तिसऱ्यांदा तो माणूस म्हणाला, मॅडम, समुद्र आहे, डोंगर नाही.

बाबांनी आज गाडी धुतली आणि चारी बाजूंनी फोटो काढले. आतूनही. एक जण येऊन गाडीत बसून बघून गेला. ट्रिपची इतकी तयारी मी त्यांना कधी करताना पाहिलं नव्हतं.

३० नोव्हेंबर
पोचलो. एका बाजूला एक मोठं कुटुंब, झेंडे, स्पीकर, आणि सगळ्या मुलांच्या हातात फेस उडवायचे कॅन. दुसऱ्या बाजूला टॉयलेट. पायरी गुडघ्याएवढी उंच. लाइटच्या खांबामुळे पडद्यातून भर दुपार आत येत होती, आणि तेव्हा संध्याकाळ होती.

मी बाबांची माफी मागितली. विशेषतः समुद्राबद्दल. म्हटलं, सुट्टीतही तुम्हाला तेच बघायला लागतंय.

बाबांनी चपला काढल्या होत्या. म्हणाले, 'बंदरात समुद्र कुठे दिसतो गं? कंटेनर दिसतात.' आणि पँट दुमडून पाण्यात गेले. पोटऱ्यांपर्यंत. बराच वेळ तिथेच उभे होते. मी काठावरून सांगत होते, जास्त आत जाऊ नका, आणि ते मागे न बघता हात हलवत होते.

म्हणजे तीन आठवडे मी समुद्र बाद करत होते. ते एकदाही बोलले नाहीत. आमच्या घरात कोणीच बोलत नाही. समोरच्याला काय हवंय ते ओळखायचं, आणि तो नको म्हणाला तर ते हवंच आहे असं समजायचं. हे आम्हाला फार छान जमतं.

उद्या निनाद येईल. उद्या विचारेन. वाक्य तयार आहे.

१ डिसेंबर
निनाद आला, मॅरिनेट केलेली सुरमई घेऊन. बाबांनी मच्छीमाराकडून आणखी बोंबील घेतले. शेगडी पेटली. शेजारच्यांनी खजूर आणि गहवा, म्हणजे त्यांची अरबी कॉफी, पाठवला, बाबांनी उलट बोंबील पाठवले. त्यांच्या आजोबांना आवडले. वातावरण अगदी मला हवं होतं तसं.

मी म्हटलं, बाबा, एक विचारायचंय.
बाबा म्हणाले, मलाही एक सांगायचंय.
मी म्हटलं, तुम्ही आधी. ते म्हणाले, तू आधी. मी म्हटलं, नाही, तुम्ही मोठे. ते म्हणाले, तुझं महत्त्वाचं असेल. एवढ्यात सुरमई करपायला लागली.

निनादने चिमटा खाली ठेवला. 'ताई, ही इज लीव्हिंग ऑन द ट्वेंटिएथ. फॉर गुड. एव्हरीवन नोज.'

मी म्हटलं, पाण्याची टाकी भरायची राहिली. आणि उठून कॅरॅव्हॅनच्या मागे गेले.

टाकी भरलेली होती. तरी मी पाइप लावून उभी राहिले. पाणी वरून सांडत होतं, वाळू सगळं पीत होती. कोणी मागे आलं नाही. मी येईन याची त्यांना खात्री असावी. गेलेच. करपलेली बाजू मी घेतली.

२ डिसेंबर
सकाळी बाबा पायरीवर बसले होते. मी शेजारी बसले. निनाद आत झोपला होता, किंवा झोपल्यासारखा होता.

मी म्हटलं, तुम्ही मला सांगायला हवं होतं.
'मी तोंड उघडलं की तू उताराचं काढायचीस.'
'मग जोरात सांगायचं.'
बाबा हसले. म्हणाले, 'तू रमली होतीस त्यात. रोज रात्री नवा पार्क. म्हटलं, शोधून होऊ दे तिचं.'

मग मी माझं वाक्य म्हटलं. सगळं. मी स्पॉन्सर करते, इन्शुरन्स मी बघते, मोठी बेडरूम तुम्ही घ्या. म्हणताना लक्षात आलं की बेडरूम एकच आहे. बाबांनी शेवटपर्यंत ऐकलं, जसं ते नवीन मुलाचं सेफ्टी ब्रीफिंग ऐकायचे.

'तुला जमेल ते, मला ठाऊक आहे,' ते म्हणाले. 'पण तुझी आई चार वर्षं एकटी जेवतेय, आभा.'

यात तपासण्यासारखं काही नव्हतं.

मग मी कोणाबरोबर जेवायचं, हे मला विचारायचं होतं. विचारलं असतं तर ते राहिले असते. बाबा तसेच आहेत. म्हणून नाही विचारलं.

हे खरं आहे. निदान निम्मं. उरलेलं निम्मं असं, की शेजारच्यांचा स्पीकर सुरू झाला.

६ डिसेंबर
नीट विचार केला. इतकं घाबरण्यासारखं नाही. तिकीट बदलता येतं, मी वाचून काढलंय. शिवाय कायमचं जाणं असं काही नसतं. ऑफिसातल्या शुभ्राचे वडील 'फॉर गुड' गेले आणि पाच महिन्यांत परत आले. (अँजिओप्लास्टीला.)

नवा निश्चय: फेब्रुवारीत सगळ्यांनी पुन्हा. या वेळी आई-बाबा दोघेही व्हिजिटवर. मागच्या वेळी चुकलं ते एवढंच, की मी वेळेत बुक केलं नाही आणि जागा टॉयलेटजवळची होती. माणूस अशा जागी शांतपणे विचार करू शकत नाही. चांगल्या जागी बाबांचा निर्णय वेगळा झाला असता.

१३ डिसेंबर
गाडी गेली. नवा मालक आरशाला काहीतरी लटकवत होता. बाबांनी त्याला ब्रेकचं आणि एसीच्या आवाजाचं समजावून सांगितलं, मग पार्किंगमध्ये उभे राहिले. ती वळून दिसेनाशी झाल्यावरही थोडा वेळ.

संध्याकाळी मी लॅपटॉप उघडला, फेब्रुवारीचे पार्क बघायला. बाबा खुर्ची ओढून शेजारी बसले. म्हणाले, दाखव. आम्ही दोघांनी सहा-सात बघितले. याला सावली नाही. याचं किचन छोटं, तुझी आई कटकट करेल. हा चांगला, पण पायरी बघ. बाबांनी पायरीवर बोट ठेवलं आणि झूम करायला सांगितलं. रास अल खैमाचा एक दोघांनाही पसंत पडला. समुद्र समोर, झाडं मागे, टॉयलेट बेताच्या अंतरावर. चार बेड. मी बुक केला. बाबा म्हणाले, शाब्बास.

इतकी छान संध्याकाळ बऱ्याच दिवसांत गेली नव्हती. मला आता काळजी नाही. माणूस येणार नसता तर त्याने पायरी झूम करून पाहिली नसती.

२० डिसेंबर
सकाळची फ्लाइट. निनाद त्याच्या गाडीने घेऊन आला. रुखसार आंटींनी डबा दिला, बिर्याणी, वजनात बसेल की नाही हे न बघता. बसली.

बाबांनी घरातला गॅस बंद आहे का दोनदा पाहिलं. मग मला म्हणाले, तू पण रोज बघत जा. एअरपोर्टला त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, 'फार चौकशी करत बसू नकोस. कधी कधी चुकलेलंही चालतं.'

मी म्हटलं, फेब्रुवारीत भेटू. ते म्हणाले, इन्शाल्ला.

रडले नाही. डोळ्यांत धूळ गेली. एअरपोर्टच्या आत. जिथे धूळ नसते.

२७ डिसेंबर, शनिवार
आईला फोन केला. फेब्रुवारीच्या तारखा पक्क्या करायच्या होत्या. ती म्हणाली, थांब हं आभू, यांना वाढते तेवढं, आणि फोन बाजूला कुठेतरी ठेवला. बंद करायला विसरली.

पाट सरकल्याचा आवाज. भांड्याचा. बाबा म्हणाले, 'तूही बस की.' आई म्हणाली, 'बसते, तुमचं होऊ दे.' बाबा म्हणाले, 'नाही, आत्ताच बस.' मग बांगड्या वाजल्या. मग बराच वेळ दोघे जेवत होते.

आई म्हणाली, 'आमटी तिखट झालीय का?' बाबा म्हणाले, 'नाही. भात वाढ थोडा.' कुठला तरी मुलगा दारात येऊन बाई, बाई म्हणाला, त्याला आईने चारला यायला सांगितलं. बाबांनी विचारलं, कोणाचा हा? आईने सांगितलं. बाबा म्हणाले, त्याच्या आजोबांसारखं नाक आहे. आई हसली. आई अशी हसते हे मी विसरले होते. मी फोन कानाला लावून उभी होते. माझी आठवण कोणालाच नव्हती, आणि त्यात कोणाचीही चूक नव्हती.

ताक मागितलं बाबांनी, तेव्हा मी फोन ठेवला.

रास अल खैमाचं बुकिंग रद्द केलं. फेब्रुवारीत तिकडे वारा फार असतो, म्हणतात.